टाकी सडते ती मधल्या दिवसांत

दिवाळी आटोपली की पिंपरी-चिंचवडच्या पेंटरांकडे जुन्या मोटारसायकलींच्या टाक्या यायला लागतात. हा हंगाम उगाच ठरलेला नाही. पावसाळ्यात हवेत ओल असते, त्यामुळे ओल्या रंगावर दुधाळ झाक चढते. एप्रिल-मेमध्ये थिनर इतक्या झपाट्याने उडतो की रंग सपाट बसायच्या आतच सुकून जातो. मधले तीन-साडेतीन महिने हवा कोरडी आणि ऊन सोसवेल असे असते. ज्यांच्या घरी राजदूत, येझदी, आरएक्स १०० किंवा २००१ साली आलेली पहिली पल्सर अजून जपलेली आहे, ते याच दिवसांत गाडी उघडतात. शेड कोणती, पट्टे मूळचे की नवे, लॅकर किती हात, यावर भरपूर चर्चा होते. उतरवलेली टाकी मात्र तोपर्यंत माळ्यावर, गॅलरीत किंवा पेंटरच्या दुकानात खालच्या फळीवर पडून असते आणि तिच्या आत काय चालले आहे हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे या पडून राहण्याविषयी आहे. रंगामुळे टाकी बिघडत नाही, पेट्रोलमुळेही अलीकडे समजतात तितकी बिघडत नाही. ती बिघडते दोन कामांच्या मधल्या दिवसांत, जेव्हा ती धड भरलेली नसते आणि धड कोरडीही नसते.

आपल्या पट्ट्यात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावे लागू नये. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या पावडर कोटिंगच्या कोणत्याही शेडमध्ये ‘सेव्हन टँक’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. पत्र्यावरचे तेल काढायचे, धुवायचे, गंज काढायचा, पुन्हा धुवायचे, फॉस्फेटिंग करायचे, पुन्हा धुवायचे आणि शेवटी पॅसिव्हेशन, अशा सात हौदांतून माल जातो. या सातांमध्ये सगळ्यात कडक नियम कोणत्याही एका हौदाचा नसून एका हौदातून दुसऱ्यात जाण्याच्या वेळेचा असतो. गंज काढलेला पत्रा उघडा ठेवून कामगार जेवायला गेला, तर परत येईपर्यंत त्यावर पिवळट-तांबूस थर धरलेला दिसतो आणि तो माल पुन्हा मागे न्यावा लागतो. मोठ्या कारखान्यांतल्या पेंट शॉपमध्ये तर कन्व्हेयर थांबला की कोणता सुटा भाग कोणत्या टप्प्यावर अडकला याची नोंद होते. ही शिस्त हजारो माणसांच्या हाताला बसलेली आहे. तरीही घरच्या गाडीची टाकी तीन तीन आठवडे अर्धवट अवस्थेत ठेवताना कोणाला वावगे वाटत नाही. कारखान्यात जो पत्रा गंजतो तोच पत्रा घरीही असतो. घरी फक्त मधल्या वेळेवर लक्ष ठेवणारे कोणी नसते.

आता पुरावा पाहू. मोटारसायकलची टाकी घोड्यावरच्या खोगिरासारखी फ्रेमवर बसते. त्यामुळे तिला खाली दोन पाय असतात, डावा आणि उजवा. पेट्रोलचा कॉक बहुतेक गाड्यांत एकाच बाजूला असतो. कॉक उघडून पेट्रोल काढले की दुसऱ्या पायात पेलाभर तरी उरतेच, आणि कॉकच्या बाजूलाही जाळीच्या पातळीखालचे थोडे राहते. टाकीत पूर्वीपासून पाणी शिरलेले असेल तर तेही इथेच असते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. पुढे काय होते? उरलेले पेट्रोल हळूहळू उडते. उडताना ते पत्र्यातली उष्णता घेते आणि पत्रा गार पडतो. थंडीतल्या पहाटे ओल धरलेली हवा अशा गार पत्र्याला टेकली की आतल्या बाजूला दव धरते. पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की खाली चिकट, आंबूस वासाचा थर उरतो आणि त्याखाली पाणी. जुन्या टाक्यांना भोक पडते ते जवळजवळ नेहमी या खालच्या कोपऱ्यांत, जोडाच्या शिवणीलगत, ते यामुळेच. टाकीचा वरचा भाग, ज्याच्यावर आपण शंभर वेळा कापड फिरवतो, तो सहसा धडधाकट असतो.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. आपल्याकडची थंडी ती किती, इथे बर्फ पडत नाही, चिंचवडमध्ये टाकी ठेवायला एवढा विचार कशाला? जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तिशीच्या आसपास जातो. थंड देशांतल्या बंद गॅरेजमध्ये दिवस-रात्रीचा इतका फरक क्वचितच पडत असेल. दुपारी टाकीतली हवा फुगते आणि झाकणाच्या बारीक छिद्रातून थोडी बाहेर जाते, रात्री आकसते आणि बाहेरची हवा आत येते. अठरा अंशांच्या फरकाने हवेचे आकारमान साधारण सहा टक्क्यांनी बदलते. पंधरा लिटरची रिकामी टाकी धरली तर रोज सुमारे एक लिटर हवेची ये-जा झाली. बारा अंशांवरच्या पूर्ण ओलसर लिटरभर हवेत पाणी असते ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढे. शंभर दिवसांचे झाले फार तर एक ग्रॅम. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, मग काळजी कसली? पण गंजाचे रसायन इथे आपल्या बाजूने नाही. गंज हा लोखंड, पाणी आणि प्राणवायूचा मिळून बनतो आणि त्यात पाण्याचे वजन अगदी थोडे असते. एक ग्रॅम पाण्यातून हिशेबाने दहा ग्रॅमच्या आसपास गंज तयार होऊ शकतो. यातला निम्मा किंवा पाव जरी खरोखर धरला, तरी कार्ब्युरेटरच्या स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते हे लक्षात घ्यावे. तिथे चिमूटभर पूडही पुरते. शिवाय हा हिशेब फक्त हवेचा आहे. खालच्या पायात उरलेले पाणी, धुताना शिरलेले पाणी वेगळेच.

आणि टाकी शंभर दिवसांत परत गाडीवर चढेल हे गृहीत धरणेही फारसे बरोबर नाही. डिसेंबरात उतरवलेली टाकी पाडव्याला बसवायची असे ठरते. मग मूळचे पट्टे मिळत नाहीत, क्रोम करायला दिलेले झाकण परत येत नाही, लग्नसराई येते आणि बघता बघता जून उजाडतो. लोखंडाचा गंज हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की जोर धरतो, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती सरासरी ऐंशीच्या आसपास असते. तेव्हा दव पडण्याचीही गरज उरत नाही, नुसती हवा पुरते. म्हणून थंडीत टाकी ठेवताना ती पावसाळ्यातही तशीच राहणार आहे असे समजून ठेवावी. हे मी निराशेने म्हणत नाही. हौशी कामाला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, टाकीची अवस्था मात्र असते.

जुनी मंडळी सांगतात, गाडी महिनोन्‌महिने उभी असायची, टाकीला कधी काही झाले नाही. ते खोटे बोलत नाहीत. फक्त त्यांच्या अनुभवामागचे कारण आज राहिलेले नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून आलेली चेतक, त्या काळची लुना, राजदूत, येझदी या सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोल भरताना पंपावरच त्यात मापाने ऑइल घालायचे. म्हणजे टाकीतल्या प्रत्येक थेंबात तेल होते. पेट्रोल उडून गेले तरी आतल्या पत्र्यावर तेलाचा पातळ हात राहायचा आणि तोच पत्र्याला सांभाळायचा. कोणी मुद्दाम काही करत नव्हते, पण टाकीला आपोआप तेल लागत होते. आरएक्स १००मध्ये तेलाची टाकी वेगळी आली, पुढे फोर-स्ट्रोक आल्या आणि पेट्रोलच्या टाकीतले तेल गेले. वडिलांच्या चेतकवरून मुलाच्या पल्सरला नियम लावता येत नाही तो यासाठी. पण या जुन्या अनुभवातच उपायही आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरी बाजू अलीकडची. आज टाकीत काहीही बिघडले की बोट थेट इथेनॉलकडे जाते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३मध्ये काही पंपांवर आले आणि २०२५पर्यंत देशभर तेच मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते हे खरे. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी उतरतात आणि तो थर पत्र्याला नुसत्या पाण्यापेक्षा जास्त खातो, हेही खरे. जुन्या टाकीतला चिकटून बसलेला गाळ असे पेट्रोल सोडवते आणि तो जाळीत येऊन बसतो. एवढे मान्य करूनही मला वाटते की रंगासाठी उतरवलेल्या टाकीच्या बाबतीत हा आरोप चुकीच्या जागी केला जातो. पेट्रोल तर आपण काढून टाकलेले आहे. भरलेल्या टाकीत हवाच कमी, म्हणून ओल ओढायलाही फारसा वाव नसतो. इथेनॉलमुळे नुकसान होते ते त्या तळाच्या पेलाभर उरलेल्यात, म्हणजे पुन्हा आपल्याच अर्धवटपणात. ज्याने टाकी नीट रिकामी केली त्याच्या बाबतीत इथेनॉलचा प्रश्न तिथेच संपतो.

मग टाकी भरूनच ठेवावी का? उभ्या गाडीसाठी हा जुना सल्ला आजही चांगला आहे. टाकी काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. रंगवायच्या टाकीला मात्र तो लागूच होत नाही, आणि उतरवलेली टाकी भरून घरात ठेवणे मला सरळ धोक्याचे वाटते. कॉकचे रबर सुकले की तो झिरपतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्याने ती वर न जाता फरशीवरून सरकते आणि घरात फरशीच्या पातळीवर समई असते, गॅसची शेगडी-सिलिंडर असतो, गॅलरीत कित्येकांकडे गॅसचा गीझर असतो. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंतच्या आणि काच किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंतच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीला त्या यादीत जागा नाही. काढलेले पेट्रोल घरातल्या दुसऱ्या गाडीत घालून टाकणे हाच सगळ्यात साधा मार्ग. तळाचा गढूळ भाग मात्र गाळूनही वापरू नये आणि गटारात तर मुळीच ओतू नये. आपल्या गटारांतून तो शेवटी पवना-इंद्रायणीतच जातो.

इथे एका गोष्टीवर मला थांबावेसे वाटते, कारण यात जीव जातो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत वाफेला हवाच मिळत नाही. रिकामीत दोन्ही असतात. पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले की ठिणगी पुरते. पंधरा लिटरच्या टाकीत असे मिश्रण व्हायला दीड-दोन मिलिलिटर पेट्रोल पुरेसे आहे. चहाचा चमचा अर्धाही भरत नाही, इतके कमी. डेंट काढण्यासाठी किंवा भोक बुजवण्यासाठी वेल्डरकडे टाकी नेली, वास येत नाही असे वाटले, आणि शिवणीत किंवा गंजाच्या खपल्याखाली तेवढे पेट्रोल दडलेले असले तर टाकी बॉम्बसारखी फुटते. म्हणून आगीचे काम असो वा नसो, टाकी बाहेर मोकळ्या जागेत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने काठोकाठ भरून, ओसंडू देऊन, तीन-चार वेळा धुतल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नये. वेल्डिंग करायचेच असेल तर ते टाक्यांचे काम नेहमी करणाऱ्याकडेच, आणि तोही टाकीत पाणी भरून वर जेमतेम जागा ठेवतो का हे विचारून.

आता अडचण समोर आली. आगीच्या भीतीने टाकी पाण्याने धुवायची आणि गंजाच्या भीतीने पाणी आत जाऊ द्यायचे नाही. दोन्ही एकाच वेळी कसे साधणार? माझ्या मते याचे उत्तर वेळेत आहे. धुणे, गंज काढणे, वाळवणे आणि बंद करणे हे सगळे एका दिवसात, न थांबता झाले पाहिजे. सकाळी सुरू करून दुपारी तीनच्या सुमाराला टाकी बंद व्हायला हवी. तीनच का? थंडीत पहाटेची हवा दमट असते, पण दुपारी पारा चढला की तिची आर्द्रता निम्म्याहूनही खाली येते. दुपारी बंद केलेल्या टाकीत आपण कोरडी हवा कोंडतो, सकाळी किंवा रात्री बंद केली तर ओली. पैसा न लागणारा एवढा मोठा फायदा या कामात दुसरा नाही. दिवस मोकळा नसेल तर टाकी धुवायला घेऊच नये. जुने पेट्रोल भरलेली टाकी आणखी आठवडाभर गाडीवर राहिली तर काही बिघडत नाही, अर्धी धुतलेली टाकी एका रात्रीत बिघडते.

गंज काढण्याबद्दल थोडक्यात. आत खपल्या असतील तर नट आणि साखळीचा तुकडा टाकून टाकी हलवतात. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. संडास धुवायचे हायड्रोक्लोरिक ॲसिड झटपट काम करते म्हणून लोक ते वापरतात. मी त्याच्या विरुद्ध आहे, कारण ते चांगला पत्राही खाते, शिवणीत राहते आणि धुतल्यावर पत्रा डोळ्यांदेखत तांबूस होतो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम, हे संथ पण भरवशाचे. काही तासांनी पाहत राहावे. मग स्वच्छ पाणी, त्यानंतर खाण्याच्या सोड्याचे पाणी, पुन्हा स्वच्छ पाणी आणि लगेच वाळवणे. वाळवताना कॉम्प्रेसरची हवा किंवा ब्लोअर चालतो, पण पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय विजेचे कोणतेही यंत्र टाकीजवळ आणू नये. उरलेले पाणी ओढून घ्यायला थोडे स्पिरिट फिरवून ओतून द्यावे आणि तेही पूर्ण उडू द्यावे.

वाळल्यावर पन्नास-साठ मिलिलिटर टू-टी ऑइल ओतून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवायची, म्हणजे चेतकच्या काळी जे आपोआप होत होते ते हाताने करायचे. यावर पेंटर हरकत घेईल आणि त्याचे म्हणणे खरे आहे. तेलाचा एक थेंब बाहेरच्या पत्र्यावर आला तरी रंगाला खड्डे पडतात. म्हणून सगळी तोंडे आधी बंद केलेली हवीत. झाकणाच्या जागी जुने झाकण, त्याचे वायुछिद्र आतून रबराने बुजवलेले. कॉकच्या जागी गॅस्केट लावून बोल्टने घट्ट केलेली पत्र्याची पट्टी. फ्लोटचे भोक तसेच. चिंधीचा बोळा कोंबू नये, तो वातीसारखा पाणी आत ओढतो. ज्यांना पेंटरशी वाद नको असेल त्यांच्यासाठी चाकणमध्ये दुसरा मार्ग अगदी हाताशी आहे. परदेशी जाणारे सुटे भाग ज्या व्हीसीआय कागदात आणि पिशव्यांत बांधतात, त्याच कागदाचे तुकडे कोरड्या टाकीत टाकून टाकी त्याच पिशवीत बंद करता येते. त्या कागदातून निघणारी वाफ पत्र्यावर बसून त्याला सांभाळते, तेलाचा प्रश्नच येत नाही. अट एकच, टाकी आधी पूर्ण कोरडी हवी. ओल्या टाकीत टाकलेला कागद काही वाचवत नाही. पावडर कोटिंग करायचे ठरवले असेल तर मात्र तेल नकोच, कारण भट्टीत १८० ते २०० अंशांवर ते धूर होऊन तोंडातून बाहेर येते. जुन्या टाकीला कुठे शिशाची डाख दिलेली असेल, आत आधीचे कोटिंग असेल किंवा बाहेर पुट्टीचा थर असेल, तर भट्टी त्यातले काहीच ठेवत नाही. अशा टाकीला पावडर कोटिंग करू नये, हे मी ठामपणे म्हणतो.

२०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो. तो काढून, कोरड्या स्वच्छ पिशवीत, वेगळा ठेवावा. धुतलेल्या टाकीत पंप ठेवून रंगाला देणे म्हणजे टाकीबरोबर पंपही घालवणे. पंपाखालचे रबर पेट्रोलमध्ये फुगलेले असते आणि काढल्यावर पुन्हा जागेवर नीट बसत नाही. ते नवे आधीच आणून ठेवावे.

पेंटरकडे गेल्यावर नजर ठेवायची ती वॉटर पेपरवर. पुट्टी घासताना पाण्याची बादली शेजारी असते आणि पाणी टाकीवर सतत ओघळते. झाकणाचे किंवा कॉकचे तोंड उघडे असेल तर ते पाणी सरळ आत जाते. दोन हातांत घासून झाल्यावर टाकी उन्हात ठेवतात. बाहेरून कोरडी होते, आत पेलाभर पाणी तसेच. माझ्या समजुतीप्रमाणे रंगानंतर गंजलेल्या निघणाऱ्या टाक्यांचे हे सगळ्यात मोठे कारण आहे आणि दोष सहसा पेट्रोलला दिला जातो. दुसरी गोष्ट प्रायमरची. करडा सरफेसर लावलेली टाकी सुरक्षित दिसते, पण तो थर सच्छिद्र असतो, ओल त्यातून पत्र्यापर्यंत पोहोचते. काम थांबणारच असेल तर ते टू-पॅक इपॉक्सी प्रायमरवर थांबवावे, साध्या सरफेसरवर किंवा उघड्या पुट्टीवर कधीच नाही. म्हणून पेंटरला किती दिवसांत देणार असे विचारण्याबरोबरच, मध्ये थांबलात तर कोणत्या थरावर थांबाल, असेही विचारावे. जाणकार कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. त्याला उलट बरे वाटते की गिऱ्हाईक कामाकडे पाहते आहे.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा आतून इपॉक्सी कोटिंग करून घ्यावे, विषय संपला, असेही म्हटले जाते. भोकांची चाळण झालेल्या आणि दुसरी न मिळणाऱ्या टाकीला तो शेवटचा उपाय म्हणून मी मान्य करतो. धडधाकट टाकीला नाही. कोटिंग बसते ते संपूर्ण गंजमुक्त, तेलमुक्त, कोरड्या पत्र्यावर, म्हणजे वर सांगितलेले सगळे करावे लागतेच. एका कोपऱ्यात जरी गंज राहिला तरी वर्षा-दोन वर्षांत थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि ते पापुद्रे काढणे गंज काढण्यापेक्षा अवघड. नवी टाकी घ्या म्हणणाऱ्यांनाही असेच उत्तर. चालू मॉडेलची मिळेल, पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाडीची बाजारात मिळते ती बहुतेक वेळा नकली, पातळ पत्र्याची, फ्रेमवर नीट न बसणारी. मूळची टाकी एकदाच असते.

रंग होऊन टाकी परत आली की उतावळेपणा करू नये. हार्डनर घातलेला पीयू लॅकर हाताला कोरडा लागला तरी पेट्रोल सोसण्याइतका पक्का व्हायला सात-आठ दिवस घेतो. त्याआधी झाकणाशी सांडलेला थेंब डाग सोडतो. साधा एनसी लॅकर तर पेट्रोलने नंतरही विरघळतो, म्हणून टाकीला तो नकोच. त्या आठवड्यात झाकणाच्या कड्यातले पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र रंगाने किंवा पुट्टीने बुजले नाही ना ते तारेने पाहावे. ते बुजले तर पहिल्याच पावसात आणि प्रत्येक धुण्याला पाणी कड्यात साचून आत उतरते. मग अर्धा लिटर पेट्रोल घालून टाकी हलवावी, तेल लावले असेल तर ते त्यात निघून येते, आणि ते एखाद्या स्वच्छ काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवून उजेडात धरावे. तळाशी पाण्याचा बुडबुडा किंवा तांबूस पूड दिसली तर टाकी पुन्हा धुवायची, गाडीवर चढवायची नाही. पेट्रोल नितळ दिसले की नवी जाळी, नवे गॅस्केट, आणि टाकी अर्धी न ठेवता गळ्यापर्यंत भरायची.